बंदर, रेल्वे आणि नगराभिमान

(चौसाळा, जि. बीड येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बालाघाटाच्या पठारावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या चौसाळ्यात एका बंदराच्या शहराविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न उपस्थितांपैकी कोणाच्या मनात आला असेल तर तो स्वाभाविकच आहे. येथील शेतकऱ्याला पावसाची ओढ ठाऊक आहे, समुद्राची भरती नाही. तथापि गेल्या काही वर्षांत या परिसराच्या दारात दोन गोष्टी येऊन ठेपल्या आहेत. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग चौपदरी झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. ज्या गावाच्या दारात असा रस्ता आणि हाकेच्या अंतरावर रेल्वे येते, ते गाव पुढील वीस वर्षे पूर्वीसारखे राहत नाही. ते कसे बदलते, हे ज्या नगराने आधी अनुभवले आहे त्याच्याकडे पाहणे शहाणपणाचे ठरते. असे एक नगर म्हणजे रत्नागिरी.

बंदराशी या मुलखाचा संबंध वाटतो तितका परका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत दक्षिणापथातील दोन मोठ्या पेठांची नावे येतात: पैठण आणि तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, संत गोरोबाकाकांचे गाव. पैठणहून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तेथील कापड गाड्यांवर लादून, बिकट वाटांनी, भडोचच्या बंदरात जाते, असे तो लिहितो. पैठण आणि तेर यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेषा ओढली तर ती बीडच्या जवळून जाते. म्हणजे ज्या मुलखाला आज सर्रास ‘मागास’ म्हटले जाते, त्याच मुलखातून दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या बाजारपेठेकडे माल जात होता. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर शेतांत आणि पांढरीत सापडणाऱ्या वस्तू गोळा केल्या. त्यांच्या त्या संग्रहातूनच तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. कोणी सांगितले म्हणून त्यांनी ते काम केले नाही. गावाची पांढरी आपली आहे, एवढीच भावना त्यामागे होती. नगराभिमान हा शब्द मोठा वाटतो. त्याचे मूळ रूप एवढेच असते.

आता रत्नागिरीकडे वळू. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी नगरपालिकेची लोकसंख्या ७६ हजारांच्या आसपास होती आणि बीडची एक लाख ४६ हजारांहून अधिक. म्हणजे लोकसंख्येने रत्नागिरी बीडच्या जेमतेम निम्मी. तरीही नाव काढताच लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याचा राजवाडा, रत्नदुर्ग, भगवती, स्वातंत्र्यवीर सावरकर आणि अर्थातच हापूस आंबा ही सारी चित्रे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. बीडचे नाव काढल्यावर काय उभे राहते? बहुधा दुष्काळ, ऊसतोड कामगारांचे तांडे आणि अलीकडच्या काळात गुन्हेगारीच्या बातम्या. हा फरक लोकसंख्येचा नाही, उत्पन्नाचाही पूर्णतः नाही. नगराने स्वतःविषयी काय जपले आणि काय सांगितले, याचा तो फरक आहे.

रत्नागिरीचे वैभव बंदरावर उभे होते. मुंबईहून निघणाऱ्या आगबोटी किनाऱ्यावरील एकेक बंदर घेत दक्षिणेकडे जात. बोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि उतारू लहान होड्यांतून धक्क्यावर येत. चाकरमान्यांची मनीऑर्डर, गणपतीची खरेदी, वर्तमानपत्रे, औषधे सारे त्याच मार्गाने येई. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक थांबे आणि गावाचा मुंबईशी संपर्क घाटरस्त्यांपुरता उरे. जे नगर वर्षातील काही महिने असे तुटून पडते, त्याला आपल्या गरजा आपणच भागवण्याची सवय लागते. रत्नागिरीच्या जुन्या संस्थांकडे पाहताना हे लक्षात घ्यावे लागते. तेथील जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची आहे. पेशवाई बुडून तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. नगरपालिका १८७६ साली आली, म्हणजे वाचनालय नगरपालिकेपेक्षा जवळजवळ पन्नास वर्षांनी ज्येष्ठ आहे. गावात आधी ग्रंथ आले, मग गटारीचा ठराव करणारी संस्था आली. हा क्रम कोणी मुद्दाम ठरवला नसेल, परंतु तो बोलका आहे.

पुढे आगबोटींचा काळ सरला. रस्ते सुधारले, एस.टी. वाडीवस्तीवर पोहोचली आणि प्रवासी बोटी अखेर बंद झाल्या. मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर जोमात राहिले, पण बोटीची वाट पाहणारे, उतारूंनी गजबजलेले बंदर इतिहासजमा झाले. कित्येक नगरे अशा वेळी खंगून जातात. चौल हे एके काळचे जगप्रसिद्ध बंदर. आज तेथे नारळी-पोफळीच्या बागा आणि पडक्या तटबंद्या आहेत. रत्नागिरीचे तसे झाले नाही. त्याची कारणे अनेक आहेत. जिल्ह्याचे ठाणे तेथे होते, हे एक मोठे कारण, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आणखी एक कारण आहे, आणि या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

६ जानेवारी १९२४ रोजी सावरकरांची येरवडा कारागृहातून सशर्त मुक्तता झाली. रत्नागिरी जिल्ह्याच्या हद्दीत राहायचे आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, या अटी होत्या. मुदत वाढवत वाढवत सरकारने त्या १९३७ पर्यंत ताणल्या. राजकारणाचे दार बंद झाल्यावर या पुरुषाने समाजकारणाचे दार उघडले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या तेरा वर्षांकडे केवळ सावरकरचरित्राचा एक अध्याय म्हणून पाहण्याची सवय लागली आहे. एका लहान नगराच्या चरित्रातील अध्याय म्हणून ती वर्षे पाहिली तर काय दिसते?

त्या काळी नगर एक होते, पण त्यातील रस्ता, शाळा, विहीर, देऊळ हे सर्वांचे नव्हते. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना शाळेत वर्गाबाहेर, पडवीत बसवले जाई. सरकारी आज्ञा निघाल्या होत्या, कागदावर समता होती, पण पडवी पडवीच होती. मुले सरमिसळ बसली पाहिजेत, हा सावरकरांचा आग्रह. त्यासाठी त्यांनी गावोगावी सभा घेतल्या, पालकांशी वाद घातले, शाळांतील खरी स्थिती काय आहे ती उघडकीस आणली. दसऱ्याचे सोने आणि संक्रांतीचा तिळगूळ देण्यासाठी सर्व जातींची माणसे मिळून घरोघर जाऊ लागली. काही दारे उघडली, काही उघडली नाहीत. स्त्रियांचे सर्वजातीय हळदीकुंकू झाले, सहभोजने झाली. १९३३ साली अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. तेथे कोणीही यावे आणि एका पंक्तीला बसून चहा-फराळ घ्यावा. आज हे वाचताना त्यात काय मोठे, असे तरुणांना वाटेल. तसे वाटावे हेच त्या कार्याचे यश आहे.

बंदराच्या गावात सावरकर ज्या सात बेड्या तोडायला सांगत होते, त्यांतील एक बेडी सिंधुबंदीची होती, हेही नजरेआड करता येत नाही. ज्या समाजाच्या पूर्वजांनी किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरे वसवली आणि दर्यापार माल धाडला, त्याच समाजाने पुढे समुद्रगमन निषिद्ध ठरवले. तगरचे कापड दूरदेशी नेणारी संस्कृती आणि समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त देणारी संस्कृती एकच कशी, असा प्रश्न मनात येतोच. बंद केलेली बंदरे नेहमीच गाळाने बुजलेली नसतात. काही समजुतींनी बुजतात.

या सर्व प्रयत्नांना दगडाविटांचे रूप आले ते पतितपावन मंदिरात. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या उपस्थितीत तेथे लक्ष्मीनारायणाची प्रतिष्ठापना झाली. कोणत्याही जातीच्या हिंदूला प्रवेशच नव्हे तर पूजेचाही अधिकार असलेले हे मंदिर रत्नागिरीच्या भर वस्तीत उभे राहिले. ते बांधले भागोजीशेठ कीर यांनी. भंडारी समाजात, गरिबीत जन्मलेले भागोजी मुंबईत गेले, बांधकामाच्या व्यवसायात शिरले, नावारूपाला आले आणि मिळवलेल्या धनाचा वाटा जन्मगावी परत घेऊन आले. मुंबईत शिवाजी पार्कजवळची स्मशानभूमी आजही त्यांचे नाव सांगते. विचार एका वैचारिक नेत्याचा, पैसा एका कष्टाळू उद्योजकाचा आणि जागा सर्व नागरिकांची, असा हा संगम होता. यांपैकी एकही धागा नसता तर मंदिर झाले नसते. केवळ भाषणाने झाले नसते आणि केवळ देणगीनेही झाले नसते.

बीड जिल्ह्यातील किती माणसे पुणे, मुंबई, संभाजीनगर येथे गेली आणि बांधकाम, वाहतूक, शिक्षण या क्षेत्रांत उभी राहिली, याची गणती गावागावांत लोक स्वतःच करू शकतात. ती माणसे गावी येतात तेव्हा काय करतात? जत्रेला कुस्त्यांची इनामे लावतात, मंदिराचा कळस करतात, निवडणुकीत एखाद्या गटाला बळ देतात. यातले पहिले दोन चांगलेच आहेत. पण गावातील सर्व वाड्या-वस्त्या ज्या एका जागेवर हक्काने येतील, अशी जागा किती जणांनी दिली? आणि मागायला किती जण गेले? भागोजींकडे कोणी तरी मागायला गेले होते, हे विसरून चालत नाही.

आता रेल्वेची गोष्ट, कारण या भागातील श्रोत्यांना ती सर्वांत जवळची आहे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी ७४१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. मध्ये सह्याद्रीचे कडे, खाड्या, दलदली. रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल. हे सारे सुमारे आठ वर्षांत झाले. अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, ते परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला आणि त्यावरून बीडपर्यंत गाडी पोहोचायला २०२५ उजाडले. तीस वर्षे! एक पिढी जन्मली, शिकली, पोटासाठी बाहेर गेली आणि तिची मुले शाळेत जाऊ लागली, तेव्हा रुळांवर गाडी दिसली.

हा फरक केवळ कोकणातील माणसांच्या चिकाटीचा नाही. व्यवस्थेचा आहे. कोकण रेल्वेत रेल्वे मंत्रालयाचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा होता. उरलेले भांडवल रोख्यांतून उभारले गेले. पैसा आधी उभा राहिला, मग काम थांबले नाही. ई. श्रीधरन यांच्यासारखा अभियंता प्रमुखपदी होता, आणि मधु दंडवते व जॉर्ज फर्नांडिस यांनी दिल्लीत तो विषय तडीस नेला. त्या दोघांचा विचार या व्यासपीठाला न मानवणारा, पण काम मोठे होते, हे मान्य करण्यात कोणाचाही कमीपणा नाही. भूसंपादनाची कायदेशीर प्रक्रिया पुरी होण्याआधीच अनेकांनी वडिलोपार्जित जमिनी मोकळ्या करून दिल्या. उलट बीडच्या मार्गाला वर्षानुवर्षे अर्थसंकल्पातून थेंबाथेंबाने तरतूद मिळत राहिली. गोपीनाथराव मुंडे यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. राज्याने निम्मा खर्च उचलायचे ठरवल्यावर कामाला खरी गती आली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि तीन वर्षांनी बीडला पोहोचली. वाट पाहणारा जिल्हा आणि भागीदार होणारे राज्य यांत किती अंतर असते, ते या दोन मार्गांनी दाखवून दिले.

पण रेल्वे आल्याने सगळे साधत नाही, हेही रत्नागिरीच सांगते, आणि ते बीड-चौसाळ्याने नीट ऐकावे. तेथील स्थानक जुन्या गावापासून काही किलोमीटर दूर, कुवारबावजवळ झाले. गावाची वाढ त्या दिशेने सरकली. कुवारबाव, नाचणे, मिरजोळे येथे इमारती उभ्या राहिल्या, परंतु या ग्रामपंचायती. नगरपालिकेची हद्द संपते तेथे नगर संपत नाही, पण नगरपालिकेची जबाबदारी संपते. माणसे शहरी, घरे शहरी, कचरा शहरी. कारभार मात्र गावठाणापुरता आखलेला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या नगराला वैशाखात पाण्यासाठी कपात सोसावी लागते, हे ऐकून चौसाळ्याच्या माणसाला हसू येईल. हसण्यापूर्वी त्याने एवढेच लक्षात घ्यावे की पाणी पडणे आणि पाणी साठवून घरोघर पोहोचवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट आभाळ करत नाही.

जगात अन्यत्रही हेच दिसते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर हॅलिफॅक्स नावाचे मध्यम आकाराचे बंदर आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी तेथे दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली आणि झालेल्या स्फोटात नगराचा एक भागच नाहीसा झाला; सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या उद्ध्वस्त भागात कामगारांसाठी नव्याने नीटनेटकी वसाहत उभारण्यात आली आणि ती आजही लोक अभिमानाने दाखवतात. संकटात धावून आलेल्या बॉस्टन शहराला तेथील लोक दरवर्षी नाताळचे एक झाड भेट पाठवतात. शतक उलटले तरी उपकाराची आठवण जिवंत आहे. याच नगराने १९७४ साली एक नियम केला. गावाच्या मध्यभागी असलेल्या किल्ल्याच्या टेकडीवरून बंदराचे जे दर्शन होते, ते अडवेल इतकी उंच इमारत ठरावीक पट्ट्यांत बांधता येणार नाही. बिल्डरांचा पैसा मोठा, तरी दृश्य सर्वांचे. तथापि तेथील कौतुक तरी आंधळेपणाने का करावे? त्याच हॅलिफॅक्सने या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत आपले सांडपाणी प्रक्रिया न करता थेट त्याच सुंदर बंदरात सोडले. टेकडीवरून दिसणारे पाणी जपले, पण ते पाणी कसे आहे हे पाहायला उशीर लावला.

बीडच्या बाबतीत असा नियम करायचा झाला तर तो कशासाठी करावा लागेल? कंकालेश्वराचे जलमध्यस्थ मंदिर आहे. सोळाव्या शतकातील खजाना विहीर आहे. तिचा शिल्पकार राजा भास्कर असे परंपरा सांगते. विहिरीला जोडलेल्या भूमिगत पाटांनी परिसरातील शेतांना पाणी मिळत आले. सत्ता निजामशाहीची होती, पण भूगर्भातील पाण्याची नाडी ओळखणारी बुद्धी या मातीतली होती. आणि बिंदुसरा आहे. चौसाळ्याहून बीडला जाताना पालीजवळ तिच्यावरचा तलाव लागतो. तिथे ती नदी दिसते. पुढे शहरात शिरल्यावर तिच्या पात्राची जी दशा होते, ती उपस्थितांनी पाहिलेली आहे. जुलै १९८९ च्या महापुरात हीच बिंदुसरा बीडच्या वस्तीत शिरली आणि माणसे, घरे, दुकाने वाहून गेली. त्या दिवसाची आठवण सांगणारी माणसे अजून हयात आहेत. तरीही पात्रात भराव पडतात, काठावर बांधकामे होतात आणि सांडपाणी सोडले जाते. ज्या नगराला आपल्या महापुराची पूररेषा आठवत नाही, त्याच्या चौकाचौकांत वाढदिवसाचे कितीही फलक लागले तरी त्याला अभिमान म्हणता येणार नाही.

चौसाळ्याचा विचार याच दृष्टीने व्हायला हवा. हे महामार्गावरचे बाजाराचे गाव आहे. आजूबाजूच्या वाड्यांचे व्यवहार येथे होतात. रस्ता मोठा झाला की रस्त्यालगतची जमीन प्रथम विकली जाते, मग तेथे हॉटेले, गॅरेजे, गोदामे येतात आणि काही वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात येते की सांडपाण्याला वाट नाही, शाळेला मैदान उरले नाही, बाजारतळावर टपऱ्या बसल्या आहेत आणि ओढ्याचा नाला झाला आहे. रत्नागिरीच्या कुवारबावने हे सोसले. बीडच्या भोवतालची गावे सोसत आहेत. चौसाळ्यात मात्र अजून मोकळ्या जागा मोकळ्या आहेत.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती सह्यांपुरती उरली आहे. पुढच्या ग्रामसभेत चौसाळ्याच्या लोकांनी गावाचा नकाशा भिंतीवर टांगावा आणि त्यावर तीन गोष्टी रंगाने दाखवाव्यात: ओढ्याचे मूळ पात्र, गावाची सार्वजनिक जमीन आणि जुन्या विहिरी. दलित वस्तीतील ज्येष्ठांना आणि स्त्रियांना त्या वेळी पुढच्या रांगेत बसवावे, कारण कोणती विहीर कोणासाठी होती हे त्यांना नेमके आठवते. मग त्या तीन गोष्टींवर कोणाचेही, अगदी सरपंचाच्या भावकीचेही, बांधकाम होणार नाही, असा ठराव करावा आणि तो नकाशा पंचायतीच्या कपाटात न ठेवता बाजारतळावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लावावा. रंगाचा डबा आणि एक फळा, एवढाच त्याचा खर्च आहे.